विहिरीतली आठवी बहीण

अगं आक्का, भांडण असं अर्धं टाकून कुणी जातं का? आदल्या संध्याकाळी खडीच्या कामावरून येताना माझ्या ओट्यावर टेकलीस, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलीस, आणि मी आपला नेहमीचा विषय काढला तशी हात झटकून म्हणालीस, "उद्या बोलू बाई, आज अंगात जीव न्हाई." दुसऱ्या दिवशी दुपारी तुला बैलगाडीतून आणली. खडी फोडता फोडता बसल्या जागी मान टाकलीस म्हणे. मुठीतला हातोडा सुटेना, दोघींनी मिळून बोटं उलगडली. मी तेव्हा नेवाशाच्या शाळेत फळ्यावर लिहीत होते आणि मनात तुझ्याशीच वाद घालत होते. आक्काला आज असं म्हणायचं, मग ती असं म्हणेल, मग तिला बरोबर कात्रीत धरायची. ते सगळं तसंच राहिलं बघ माझ्याकडे.

तुझ्या मागे तुझी माहिती लिहायला मी बसलेले नाही. ती गावाला पाठ आहे, आणि जी पाठ आहे ती खोटी आहे. मला तुझ्याशी बोलायचंय, बस.

तू माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. मी तुला "अगं आक्का" म्हणायला लागले आणि तू मला अखेरपर्यंत "अवो बाई, तुमी" म्हणत राहिलीस. ह्यांची नोकरी पुणतांब्याला, माझी नेवाशाला, आणि खोली मिळाली ती प्रवरेकाठच्या तुमच्या गावात. तुमच्याच घराची पडवी, मध्ये भिंत घालून वेगळी केलेली. भिंत कसली, कुडाला माती थापलेली. पलीकडे तुझं जातं. सकाळी मी पोरींच्या वह्या तपासायला बसावं आणि पलीकडून घरघर सुरू व्हावी, तिच्यावर तुझा आवाज. थोडा घोगरा, थोडा नाकातला. पहिल्यांदा ऐकलेली ओवी मला आजही तशीच ऐकू येते:

येल चढली मांडवा, मांडव म्हनतो माझी
मुळी मातीत दडलेली, तिला कोन पुसं राजी

लाल शाईचा टाक हातात तसाच राहिला. आम्ही कॉलेजात वेलीच्या कविता काही कमी वाचल्या नव्हत्या. वेल म्हणजे बाई, वृक्ष म्हणजे तिचा आधार, ती त्याला बिलगणार, वाऱ्यात थरथरणार. असल्या वेलींचा मला मनापासून कंटाळा होता. आणि इथे एक बाई पीठ दळता दळता विचारत होती की वेलीला कुणी विचारलं होतं का! मी तश्शीच उठले आणि तुमच्या दारात येऊन उभी राहिले. तू वर पाहिलंस, पदरानं कपाळ पुसलंस आणि म्हणालीस, "काय बाई, पीठ पायजे का?"

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचे, आक्का, वेल कशाला? मुलगी म्हण ना. बिनमर्जीचं लग्न लावलं म्हण. मार खाल्ला तर मार म्हण. झाडं, पानं, नदी, पाखरं, ह्यांच्या आड किती दिवस लपायचं? पुरुष कवींनी बायकांना फुलं केलं, धरित्री केलं, आणि धरित्री म्हटलं की तिनं सोसायचं हे ठरूनच गेलं. तूही तेच करतेस. तू जात्यात मूठभर बाजरी टाकायचीस आणि शांतपणे म्हणायचीस, "मार म्हनलं तर कुनाचा, हे आलं. कुनाचा म्हनलं तर माजं थोबाड आलं. येलाला कुनी इचारत न्हाई, तू कुनाच्या घरची."

मला ते पटायचं नाही. खरं सांगू? राग यायचा. वाटायचं, ही बाई एवढी हुशार, आणि एवढी भित्री कशी?

मग शेवंता गेली.

तुझी धाकटी जाऊ. बापूची बायको. सावळी, लांब हातांची, हसताना तोंडावर पदर घेणारी. तिची आणि माझी चार वाक्यांपलीकडे ओळख नव्हती, पण भिंतीतून मला ती पुष्कळ माहीत होती. बापूचा आवाज चढायचा, मग काहीतरी आपटायचं, मग आत्याबाई, तुझी सासू, मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागायची, आणि मग शांतता. ती शांतता मला सोसायची नाही, मी मुद्दाम भांडी वाजवायचे. एका दुपारी, टळटळीत बारा वाजता, शेवंता मळ्यातल्या विहिरीत गेली. पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं. गावानं मात्र पंचनाम्याची वाटही पाहिली नाही. गाव म्हणालं, आसरांनी नेली.

साती आसरा. विहिरीत राहणाऱ्या सात बहिणी. भर दुपारी एकटी बाई पाण्याला गेली की तिला धरतात म्हणे. तुमच्या विहिरीच्या काठावर त्यांचे सात दगड होते, शेंदूर लावलेले, ओळीनं मांडलेले. शेवंताला नदीकाठी नेऊन आले आणि आत्याबाईनं त्या दगडांपुढे नारळ फोडला, हिरवा चोळखण ठेवला. झालं. गुन्हेगार सापडले, त्यांची ओटीही भरून झाली. मी शहाणी म्हणून हसायला हवं होतं, पण त्या दुपारी विहिरीपाशी मलासुद्धा हसू आलं नाही. पाण्यावर एक पान नव्हतं, एक तरंग नव्हता. चिंचेवर एरवी कलकलाट करणाऱ्या साळुंक्या ओळीनं बसल्या होत्या आणि एकही ओरडत नव्हती.

मग एका सकाळी काठावर आठवा दगड दिसला.

बाकीच्यांसारखाच. शेंदूर ताजा, ओला. आत्याबाईनं तो उचलून नदीत टाकायला लावला. पुन्हा आला. बापूनं तो घणानं फोडला. पुन्हा आला, आणि ह्या वेळी फुटलेल्याहून मोठा. मी तुला विचारलं, "आक्का, तू ठेवतेस?" तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी पाऊलभर मागे सरले. म्हणालीस, "मला वाटलं तुमी ठिवता."

मी ठेवत नव्हते, आक्का. देवाशपथ नव्हते. तुझं खरं होतं का, ते मला आता कधीच कळणार नाही.

तुझी ती ओवी त्याच दिवसांतली. दुपारचं दळत होतीस. दादा, म्हणजे तुझा नवरा, ओसरीवर सुपारी कातरत होते. बापू दोर वळत होता. दोघांच्या देखत तू म्हटलीस:

साती आसरा इहिरीत, नांदती बहिनी सात
आठवी कुठून आली ग, कुनी धरला तिचा हात

 मी भिंतीच्या फटीला डोळा लावला. दादा सुपारी कातरत होते. बापू दोर वळत होता. एकाचाही हात थांबला नाही. बायकांचं जात्यावरचं रडगाणं, त्यात आसरा, विहीर, ऐकायचं काय? पण चुलीपुढची आत्याबाई फुंकणी तशीच तोंडाला लावून बसली होती आणि फुंकत नव्हती. शेजारची बाई विरजण मागायला आली होती, ती दारातल्या दारात उभी राहिली आणि विरजण न घेताच गेली.

मी तुला एकटीला गाठलं. "आक्का, तू काय पाहिलंस? त्या दुपारी तू मळ्यात होतीस ना? कुणी धरला तिचा हात?"

"मी इहीर बगितली," तू म्हणालीस.

"अगं, पण कुणी..."

"बाई, मी इहीर बगितली."

किती वेळा विचारलं असेन. कधी गोडीनं, कधी चिडून, एकदा तर रडकुंडीला येऊन. तुझं उत्तर तेवढंच. मला वाटायचं, एक सरळ वाक्य बोल, मी फौजदाराकडे जाते, तुझ्याबरोबर उभी राहते. तू म्हणायचीस, "आन् रातीला कुटं ऱ्हाऊ? तुमच्या शाळंत?"  पण म्हणून मी गप्प बसणारी नव्हते, हे तुला ठाऊक आहे.

नगरला शिक्षकांच्या मेळाव्यात निबंध वाचायचा होता. मी तुझ्या ओव्या घेतल्या. तुझं नाव नाही, गावाचं नाही, नुसत्या ओव्या. वेलीची घेतली, विहिरीची घेतली, आणि ती नदीचीही घेतली:

परवरा वाहती ग, काठाकाठानं मुकी
पोटामंदी काय ग्येलं, सांगंल का ती सखी

मी जीव तोडून सांगितलं की हे निसर्गवर्णन नाही, ही बाईची साक्ष आहे; हिची नदी सोसत नाही, ही नदी लक्षात ठेवते. वाचून झालं आणि अध्यक्षस्थानी बसलेले एक प्राध्यापक उठले. डोळे मिटून, मान डोलावून म्हणाले, आपल्या खेड्यातल्या भगिनींचं निसर्गावरचं हे निरागस प्रेम पाहून मन भरून येतं. टाळ्या! आक्का, मला वाटलं ह्या माणसाला उचलून त्या विहिरीच्या काठावर बसवावं, बारा वाजता, एकट्याला.

परतीच्या एस.टी.त मी धुमसत होते. तुला येऊन सांगितलं तर तू अशी हसलीस, अशी हसलीस की ठसका लागला. डोळ्यांतून पाणी. "मंजी त्यांनी ऐकलं," तू म्हणालीस, "समद्यांनी ऐकलं, आन् कुनाला बी दिसलं न्हाई. लई ब्येस!"

"बेस कसलं? कळलंच नाही तर उपयोग काय?"

"बाया हुत्या का तितं?"

होत्या. मागच्या रांगेत. मग मला आठवलं, चहाच्या वेळी एक पोक्त बाई माझ्याजवळ आली होती, नुसता माझा दंड घट्ट धरून उभी राहिली आणि निघून गेली. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू हसायची थांबलीस. बराच वेळ जात्याच्या पाळीवरचं पीठ बोटानं गोळा करत राहिलीस.

त्या वर्षी पाऊस आला नाही, आणि पुढच्याही. प्रवरेत वाळू. बाभळीची पानंसुद्धा गुरांनी ओरबाडून नेली. तुमची विहीर आटत गेली तशी बायका पाण्याला जायच्या आणि पाण्याकडे न बघता दोर ओढायच्या. शेवटी तळ उघडा पडला. गाळ काढायला गडी उतरले, ते दुपारच्या आत वर आले आणि पुन्हा उतरायला तयार होईनात. काय झालं विचारलं तर कुणी धड सांगेना. एक जण एवढंच म्हणाला की खाली बोललं तर एक आवाज जास्त येतो. आता कोरड्या विहिरीत आवाज घुमणारच, मी पाचवीच्या पोरींना हे शिकवते. तरी मी काठावर जाऊन हळूच खाकरले होते आणि जे ऐकू आलं ते न ऐकल्यासारखं करून घरी आले होते.

त्याच सुमारास बापूचं दुसरं लग्न निघालं. पुणतांब्याकडची मंडळी घर बघायला आली. मुलीची आई ओसरीवर बसली होती, बशीत चहा ओतलेला. तू आत बाजरी घेऊन जात्यावर बसलीस. मी भिंतीपलीकडे कान लावून. आणि तू तीच ओवी म्हटलीस, मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सोडून. त्या बाईनं बशी खाली ठेवली. "आमाला निघाया पायजे," ती म्हणाली. पुरुष म्हणत राहिले, अहो, बसा की, बोलणी व्हायचीत. ती उठून चपला घालून अंगणात उभीसुद्धा राहिली. कुणालाही बोट ठेवता येईना की असं काय घडलं. बाई दळत होती. दळताना बाया म्हणतातच काहीतरी.

आत्याबाईला मात्र कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं जात्याची वरची तळी काढून गोठ्यात नेऊन टाकली, खुंट्यासकट. "आता गिरनी हाय गावात, कशाला हाडं झिजवायची," ती गोड आवाजात म्हणाली. तुझ्या वाट्याला खालची तळी राहिली, जमिनीत रुतलेली, गप्प. तुला मार पडला का, हे मी विचारलं नाही. हातावरचे वळ तू पदराआड घेतलेस आणि मी पाहिलं नाही असं तुला वाटू दिलं.

पण आक्का, मी आवाज ऐकायचे. घरघर, घरघर, वरची तळी गोठ्यात असताना. दिवसाढवळ्या, डोळे उघडे असताना, हातात पोरींचे पेपर असताना. एकदा मी धावत येऊन पाहिलं. तू उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होतीस. "तुमाला बी येतो का?" तू विचारलंस. आपण दोघी त्या अर्ध्या जात्याकडे बघत बसलो, शाळेला उशीर होईपर्यंत.

मग तू दुष्काळी कामाला, खडीवर गेलीस, सगळं गावच गेलं. रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, सुकडीची पाकिटं, आणि उन्हात रांगेनं बसून दगड फोडणाऱ्या बाया. तिथे तुला गप्प करणारी आत्याबाई नव्हती. हातोड्याच्या ठेक्यावर तू म्हणत गेलीस आणि आठ गावच्या बाया उचलत गेल्या. मी एकदा रविवारी आले होते बघायला. माळावर सगळीकडे टक टक टक, आणि त्यातून एका सुरात, "आठवी कुठून आली ग". मुकादम तंबाखू मळत मान हलवत होता, त्याला चाल आवडली होती. मला मात्र उन्हात थंडी वाजली. पंचक्रोशीत बापूला मुलगी मिळेना ती त्यानंतर. का मिळत नाही, हे कुणाच्याही बापाला सांगता येत नव्हतं. आया नको म्हणायच्या, एवढंच.

आणि मग तू अशी गेलीस.

तुला अंगणात ठेवलं तेव्हा आत्याबाई काय म्हणाली सांगू? "आसरांनी धरली. लई नाव घ्यायची त्यांचं." तोच सूर, तीच मान, जसा काही मधला काळ गेलाच नव्हता. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. उन्हानं रापलेलं, ओठ फुटलेले. ऊन लागलं, उपाशी होतीस, डॉक्टरही तेच म्हणाले, आणि मला ते खरं वाटतं. पण ते वाक्य इतकं तयार, इतकं हाताशी, की मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. उद्या मी गेले तर माझ्यासाठीही ते तयार असेल.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, दादांनी सांगितलं. सगळ्यांनी कबूल करून पाहिलं. बापू पुढे होऊन म्हणाला, "वैनी, तुज्या मनात आसंल ते करू," तर बाभळीवर बसलेला एकुलता कावळा उडूनच गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. दादा हे सांगताना रडत होते. तुझ्यासाठी त्या घरात रडलेला तो एकच माणूस, हे तुला कळावं म्हणून लिहिते. आणि विहिरीच्या काठावर आठवा दगड पुन्हा आलाय. तू गेल्यावर. शेंदूर ताजा होता, मी बोट लावून पाहिलं.

सुतक फिटतंय न फिटतंय तोच बापूचं लग्न ठरलं. वर्षाच्या आत उरकायला हवं, ही सबब. मुलगी राजूरकडची, डोंगरातली, जिथपर्यंत तुझी ओवी पोचली नव्हती. दुष्काळ म्हणून लग्न नवऱ्याच्याच दारी. माय-लेकी एस.टी.तून उतरल्या. मुलगी हिरा, फार तर सतराची, इकडेतिकडे बघत विचारत होती, "हितं डोंगर कुटं हाय?"

मी वाट पाहिली नाही. तुझ्या वेली-विहिरी नकोत, म्हटलं, आता माझी पद्धत. मुलीच्या आईला माझ्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि सरळ सांगितलं. पहिली बायको घसरून पडलेली नाही. तिला मारायचे. मी ह्या भिंतीतून ऐकलंय. तुमची मुलगी इथे देऊ नका. आक्का, किती दिवस वाट पाहिली होती मी ते वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायची! माझ्याच तोंडून ऐकलं.

ती बाई मग म्हणाली, "ठावं हाय बाई. न्हाई म्हंजी, वाटलंच हुतं. पर तितं तिला खायाला न्हाई. हितं मार खाईल, पर जगंल. तुमी पोरीला बोलू नगा, पाया पडते." आणि खरंच पाया पडली. माझं सरळ वाक्य त्या खोलीत आलं आणि त्या खोलीतच राहिलं. एकीला सांगितलेलं एकीनं गिळलं.

दुसऱ्या दिवशी हळद दळायची होती. आता त्यांची पंचाईत बघ. हळद गिरणीत दळून चालत नाही. गोठ्यातली तळी काढून, शेण खरवडून, धुऊन परत बसवावी लागली. जात्याला आंब्याची पानं बांधली, हळकुंडं ठेवली, पाच सवाष्णी बसवल्या. आणि मग कळलं की ओव्या म्हणणारं घरात कुणी उरलेलंच नाही. मुकी हळद दळायची नसते. आत्याबाई माझ्या दारात आली. "बाई, तुमी शिकलेल्या. आमच्या सूनबाईच्या लई लिवून घेतल्यात. देवाच्या चार म्हना की." देवाच्या! माझ्या कपाळाचं कुंकू आणि माझी बी.ए.ची पदवी बघून तिला खात्री वाटली होती की मी देवाच्याच म्हणेन.

तुझ्या जागेवर बसले. खुंटा गार होता. हिराचा हात पहिला, मग आमचे. मी गणपतीची म्हटली, तुळशीची म्हटली. जातं फिरायला लागलं आणि आक्का, ते माझ्या जोरानं फिरत नव्हतं. मी शपथेवर सांगते, मी नुसता हात ठेवला होता. समोर हिरा, डोंगरातून आलेली, भोळ्या कौतुकानं माझ्या तोंडाकडे बघत होती. तुझी ओवी म्हणायची ठरवली होती, ती आठवेचना. आठ गावांना पाठ असलेली ओवी! आणि भलतीच आली, माझीच, जन्मात पहिली:

डोंगराची करवंद ग, नको उतरू देशात
इहीर तहानलेली, पानी न्हाई तिच्या मनात

तुझ्यासारखं गाता आलं नाही. आवाज फाटला. पण हळदीच्या जात्यावर गाणारीला अडवत नाहीत, अपशकुन होतो, आणि ओवी झाली की बाकीच्यांनी उचलायची असते. आत्याबाईनं "बास, बास" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्याबरोबर बसलेल्या पाचांतल्या तिघी खडीवरच्या तुझ्या बाया होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं उचलली, दुसरीनं उचलली. दारातल्या बायांनी उचलली. हिराची आई पदर तोंडात कोंबून बसली होती. ओसरीवर पुरुष पत्रावळी मोजत होते. एकानं तर म्हटलंही, आता लग्नघर वाटतंय.

हिराचा हात खुंट्यावरून सुटला. तिनं माझ्याकडे पाहिलं, भोवतालच्या बायांकडे पाहिलं, आणि सगळ्यांकडे पाहून झाल्यावर उभी राहिली. तुझ्या साऱ्या ओव्यांत जे नव्हतं आणि माझ्या बोलण्याला जे साधलं नव्हतं ते तिनं साध्या बोलीत, मोठ्यानं, ओसरीवर ऐकू जाईल असं म्हटलं:

"आई, मी ह्या घरचं पानी प्यायची न्हाई. तू ऱ्हा, न्हाईतर चल."

मग जो गोंधळ झाला तो तुला सांगत बसत नाही, तुला तुमची माणसं माहीत आहेत. बापू अंगावर धावून आला तेव्हा दादा मध्ये उभे राहिले, हे मात्र सांगते. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्या सगळ्या बाया उठल्या आणि पोरीला मध्ये घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेल्या, एस.टी. येईपर्यंत उन्हात तिच्याभोवती उभ्या राहिल्या. आईही गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मला खोली सोडायला सांगितलंय. सामान बांधायला घेतलंय आणि मधूनच हे लिहितेय. कुणी बोलत नाही माझ्याशी. आक्का, मला भीती वाटते, हे तुला सांगायला लाज कसली? आणि वाद मी हरले असं समजू नकोस, माझं अजून म्हणणं आहे. पोरीनं शेवटी सरळच सांगितलं ना? तू असतीस तर म्हणाली असतीस, पर आधी कुनी गायलं म्हून. मग मी म्हटलं असतं... जाऊ दे. तू असायला हवी होतीस.

आज सकाळी संगमनेरहून आलेल्या गाडीचा कंडक्टर शाळेपाशी थांबला. म्हणाला, बाई, त्या दोघींना काल राजूरच्या गाडीत मीच बसवून दिलं, पोरगी खिडकीशी बसली होती. पोचली असेल, आक्का. पोरगी आपल्या घरी पोचली असेल.